पप्पांची दाढी

वस्तरा धरायला मला पप्पांनी शिकवलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. शिकण्याच्या त्या दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असायची : त्यांचा गळा, आणि माझ्या हातून होणारी चूक.

बारावीची परीक्षा देऊन मी नांदेडहून लातूरला आले होते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पप्पांची बदली नव्या कचेरीत झाली, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि माझी इंग्रजी शाळा सुटू नये म्हणून मी मावशीकडे मागे राहिले. त्यामुळे लातूरच्या त्या दोन खोल्यांत मी थोडी पाहुणीच होते. दोन वर्षं पाऊस नव्हता. गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या. एका संध्याकाळी टँकरच्या पाईपात पप्पांच्या सायकलचं चाक अडकलं आणि ते उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं, सहा आठवड्यांसाठी.

आठवडाभर ते रजेवर होते आणि दाढी वाढत होती. मी त्यांची दाढी वाढलेली कधी पाहिलीच नव्हती. तिच्यात इतके पांढरे केस असतील असंही वाटलं नव्हतं. चहा देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत असे.

सोमवारी टंचाईची बैठक होती. सगळ्या तालुक्यांच्या टँकरच्या फायली पप्पांच्या ताब्यात होत्या, त्यांना जायलाच हवं होतं.

"दाढी वाढवून मी कचेरीत गेलो न्हाई कधी," ते म्हणाले. "आपण आत गेलो की लोक आधी तोंड बघतात, मग फाईल."

"मग सलूनमध्ये जाऊन या ना, पप्पा."

आईनं मला डोळ्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं आणि भाकरी थापता थापता हळू आवाजात सांगितलं. उमरीजवळच्या आमच्या गावात न्हावी आपल्या माणसांना हात लावत नसे. "म्हशी भादरायचा गं. आपल्याला न्हाई." धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी नांदेडच्या बाजारातून पप्पांचा हा वस्तरा आणला, आणि वस्तीतले पुरुष एकमेकांची दाढी करायला शिकले. पप्पा पंधराव्या वर्षी शिकले, आजोबांच्याच गालावर. पुढे नांदेडात कुणी जात विचारत नव्हतं, दुकानं सगळ्यांना उघडी होती. तरी ते कधी न्हाव्याच्या खुर्चीत बसले नाहीत.

लहानपणापासून मी त्यांना रोज सकाळी आरशासमोर बघत आले होते. मला वाटायचं, ती त्यांची आवड आहे.

"मग तू कर ना त्यांची," मी आईला म्हटलं.

"म्या? त्यांच्या गळ्याला पातं लावू? न्हाई बाई. तुझ्या इंग्रजी शाळेत न्हाई का शिकविलं हे?"

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी ब्लेडचं दाढीचं मशीन आणलं. डाव्या हातानं करून बघताना पप्पांनी वरचा ओठ कापून घेतला. मी करून देते म्हटलं, तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. मशीननं त्यांच्या गळ्यावर फोड यायचे, केस आतल्या आत वळायचे. नांदेडला एकदा आठवडाभर त्यांनी ते भोगलं होतं. मग त्यांनी ट्रंकेतून वस्तरा काढायला लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणू शकले असते. पण मला मोठ्यानं नाही म्हणता येत नसे, आणि ते त्यांना माहीत होतं.

शुक्रवारी आधी धार. चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, त्याचं दुसरं टोक त्यांनी डाव्या हातानं ताणून धरलं. वस्तरा पाठीकडून ओढायचा, टोकाला पोचलं की पाठीवरच उलटायचा, धारेवर कधीच नाही. दुसऱ्याच फेरीत मी चुकले आणि पट्ट्याला चीर पडली. चामडं इतक्या सहज कापलं गेलं की आवाजही आला नाही.

मग पकड. अंगठा खालून, तीन बोटं वरून, करंगळी पात्यामागच्या शेपटीवर. पातं गालावर जवळजवळ झोपवायचं, डाव्या हातानं कातडी ताणायची, केस ज्या बाजूला वळतात तिकडेच जायचं. आडवं कधी सरकवायचं नाही. मी सगळं वहीत एक, दोन, तीन करून लिहून घेतलं.

"परीक्षेला बसून राहिली का?" पप्पा हसले. "वही ठेव. हाताला कळू दे."

शनिवारी दिवसभर मी वस्तऱ्याच्या बोथट पाठीनं त्यांची दाढी केली. साबण नाही, पाणी नाही. नुसती पाठ गालावरून फिरवायची. गाल जमले, हनुवटी जमली. गळ्याशी आले की मला त्यांची शीर दिसायची. कातडीखाली ती उडत असायची आणि मी तिच्यावर थांबून राहायचे.

"काय झालं?"

"काही नाही."

रविवारी सकाळी पहिल्यांदा धारेनं. टँकर बुधवारनंतर आला नव्हता. मी शहाणपणा करून शेजारच्या बोअरचं पाणी घेतलं, तेही अर्धी वाटी. ते पाणी इतकं जड होतं की साबणाला फेसच येईना, दह्यासारख्या गुठळ्या व्हायच्या. तेच मी गालाला फासलं आणि लगेच सुरू केलं. केस भिजलेच नव्हते. उन्हानं साबण वाळत होता. डावा गाल कसाबसा झाला, हनुवटीच्या वळणावर पातं अडकलं. अडकलं म्हणून मी जोर लावला.

रक्त आधी आलंच नाही. पांढऱ्या साबणात एक बारीक रेघ दिसली, आणि मग ती लाल झाली आणि खाली वाहायला लागली. आईनं तुरटी दाबून धरली. मी वस्तरा खिडकीत ठेवला.

"मला नाही जमणार, पप्पा."

"बरं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी त्यांनी तोंड धुतलं, एका हातानं शर्ट अडकवला आणि बाहेर पडले. तेवढ्यात टँकर आला म्हणून मी घागर घेऊन पळाले. रांग लांब होती, आणि रांगेतून समोरचं सलून दिसत होतं. पप्पा तिथल्या बाकावर बसलेले होते. एक गाल झालेला, एक न झालेला, हनुवटीवर तुरटीचा पांढरा डाग.

"या की साहेब, तुमचाच नंबर हाय," दुकानदार म्हणाला. चांगला माणूस होता, खुर्ची झटकून उभा होता.

"ह्यांची घ्या आधी. मला घाई न्हाई."

एक माणूस खुर्चीत बसला, मान मागे टाकून त्यानं डोळे मिटले. मग दुसरा. तिसऱ्या वेळी दुकानदारानं हसून विचारलं, "साहेब, पेपर वाचायला आलात का दाढीला?" बाकावरचे लोक हसले. पप्पाही हसले. वस्तरा खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यावरून खाली येत होता आणि पप्पा तो बघत होते. मी रांगेत पाच घागरी मागे होते, पण मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं. शनिवारी त्यांच्या गळ्याशी थांबल्यावर माझं तोंड कसं दिसत असेल, ते मला तिथं कळलं. एवढी वर्षं मी त्यांना कशालाच घाबरताना पाहिलं नव्हतं.

ते उठले. "मागून येतो," म्हणाले आणि घराकडे चालायला लागले. मी घागरीआड तोंड लपवलं. त्यांनी मला पाहिलं की नाही, मी कधीच विचारलं नाही.

सोमवारी पहाटे मी आईकडे एक तांब्या पाणी मागितलं, टँकरचं, प्यायचं. ती घागरीकडे बघत राहिली. मग तिनं तांब्या भरला आणि न विचारता चुलीवर गरम केला.

गरम फडकं मी त्यांच्या तोंडावर ठेवलं आणि ते निवेपर्यंत थांबले, दोन वेळा. या पाण्याला फेस आला. दाट आला. काल राहिलेला गाल, मग ओठावरचं, मग हनुवटी, कालची खपली सोडून. पात्याचा बारीक खरखर आवाज येत होता तेवढाच.

गळ्याशी मी थांबले. त्यांनी मान मागे टाकली. डोळे उघडेच होते, छताकडे. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली बोटं त्यांनी खुर्चीच्या काठावर घट्ट आवळली होती, आणि मी त्यांच्या बोटांकडे बघायचं नाही असं ठरवलं. कातडी ताणली. पातं ठेवलं. त्यांनी श्वास रोखला होता, मीही. खाली एक छोटी ओढ. पुसलं. आणखी एक. त्यांनी आवंढा गिळला, तेव्हा मी पातं वेळेवर उचललं. कसं उचललं, मला आजही सांगता येणार नाही.

संपलं. मी वस्तरा मिटला आणि भिंतीला टेकले. आईनं दारातूनच "झालं?" विचारलं, आत आली नाही.

पप्पांनी डाव्या हातानं गाल चाचपले, हनुवटी, मग गळा. बोटं एका जागी थांबली, जबड्याखाली, शिरेच्या अगदी बाजूला.

"इथं राहिली," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा मान मागे टाकली. या वेळी डोळे मिटून.

मी वस्तरा उघडला.