अमावास्येची तारीख

जिल्हा कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी जन्म घालवला. तारखेचा शिक्का कसा मारायचा हे मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. त्यामुळे निवृत्तीनंतर बायकोच्या भाजणीच्या पाकिटांवर पॅकिंगची तारीख मारायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. खोपटला एसटी डेपोच्या मागे तिचा छोटा गाळा आहे. उपवासाच्या भाजणीत तिचा हातखंडा, त्यामुळे नवरात्र आलं की दुकानदार तिच्या मागे लागतात.

घोळ असा की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. माल त्याच दिवशी पॅक होतो, आणि अमावास्येची तारीख पाकिटावर नको, हा बायकोचा हट्ट. मग मी दरवर्षी दुसऱ्या दिवशीची तारीख मारून मोकळा व्हायचो. एका दिवसाने काय बिघडतंय, म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी दुपारी अन्न विभागाच्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. आमच्या मुलीच्या वयाच्या. परवाना पाहिला, लेबल ओळ न ओळ वाचलं, मग विचारलं, "काका, हे पाकीट उद्याचं कसं?"

बायकोनेच खरं कारण सांगितलं. बाई हसल्या नाहीत. आपल्या माहेरीही अमावास्या पाळतात म्हणाल्या. मी चहा मागवला, तर स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग मी कार्यालयातल्या ओळखी सांगायला लागलो, त्याची मला अजून लाज वाटते.

"तुमच्या मनात काही वाईट नाही, ते दिसतंय मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण गिऱ्हाईकाच्या हातात फक्त पाकीट जातं."

त्यांनी नोटीस लिहून दिली. जुनी लेबलं काढून खरी तारीख लावायची, त्या स्वतः पाहतील, आणि तोवर एकही पाकीट बाहेर जाणार नाही. टेम्पो संध्याकाळी यायचा होता. तो चुकला तर नवरात्राचा माल पडून राहणार आणि दुकानदार दुसरीकडे वळणार, म्हणून बायको रडवेली झाली. शेजारच्या शिवणकामाच्या गाळ्यातल्या बायका धावून आल्या. आम्ही सगळे लेबलं सोलत बसलो.

सहाला बाई परत आल्या. घोडबंदर रोडवरच्या दोन तपासण्या उरकून, त्या ट्रॅफिकमधून, केवळ आमचा टेम्पो अडू नये म्हणून. आल्या तरी सूट नाही. खोक्यातली वरची पाकिटं बाजूला करून तळातली पाहिली, मगच सही केली. माझ्या सबंध नोकरीत मी कोणासाठी असा परत गेलो नव्हतो.

पुढच्या वर्षी त्याच अमावास्येला सवयीने माझं बोट शिक्क्याचा आकडा पुढे सरकवू लागलं. बायकोने शिक्का हातातून काढून घेतला, आकडा मागे आणला आणि पहिल्या पाकिटावर स्वतः दाबून मारला.

"अहो, भाजणी मी आज केलीय," ती म्हणाली. "मग उद्याची कशाला म्हणायची?"