ओळीबाहेरचं झाड

“लोकांना शिकवायला गेलं की पांगतात, हसवलं की मुकाट मागे येतात,” असं छत्री नव्याने धंद्यात आलेल्या गाईडांना सांगायचा.

माणूस बुटका. गर्दीत शिरला की बुडालाच. म्हणून धंद्याच्या पहिल्याच दिवशी थोरल्या भावाने त्याला एक लाल छत्री आणून दिली होती. “मिटून उंच धर. तू नाही दिसलास तरी ही दिसेल.” पुढे कापड बदललं, दांडा तोच राहिला, आणि जुन्या वेशीपासून राजवाड्यापर्यंत सगळे त्याला छत्रीच म्हणू लागले. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोला आठवत असेल, तेही रागावली की.

थंडी सरली की ते शहर नवे कपडे घातलेल्या म्हाताऱ्यासारखं जरा लाजल्यागत दिसायचं. तटाच्या भेगांतून पालवी फुटायची, राजबागेतली झाडं गुलाबी व्हायची आणि बघ्यांची रीघ लागायची. छत्रीचे हेच दिवस. वेशीवरच्या मुंडकं नसलेल्या सिंहावर त्याचा एक विनोद होता. मनोऱ्यावरच्या मागे पडणाऱ्या घड्याळावर एक. दगडी हौदात बुडालेल्या सरदारावर एक. सिंह दगडाचा होता, सरदार कधीच मेलेला. त्यांचं काही बिघडत नव्हतं.

राजबागेतला विनोद मात्र जिवंत माणसावर होता.

बागेत गुलाबी फुलांच्या झाडांची एक लांब ओळ आहे. दोरी धरून लावल्यासारखी सरळ, फक्त मधलं एक झाड हातभर बाहेर. फार वर्षांपूर्वी एका बाईने विचारलं होतं, हे असं का? छत्रीच्या तोंडून उत्तर निघून गेलं. “काय आहे, त्या दिवशी माळी कामावर आला होता, पण त्याचा एक डोळा... रजेवर होता!” माणसं पोट धरून हसली. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी त्या जिभेला मान मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच विनोद सांगितला, तिसऱ्या दिवशी तो सांगण्यासाठी त्या झाडापाशी मुद्दाम थांबला.

तो माळी म्हणजे त्याचा थोरला भाऊ. झाडं लावली त्याच सुमाराला दादाच्या एका डोळ्याची नजर गेली होती. बाहेरून डोळा धड, आत अंधार. कचेरीत कळलं तर उंच झाडांच्या छाटणीवरून काढून आपल्याला फाटकावर बसवतील, या भीतीने त्याने तोंड शिवलं होतं. बायकोला सांगायच्याही आधी त्याने धाकट्याला सांगितलं. औजारांच्या खोलीत, कुदळींच्या मधे बसून. “तुझ्यापाशी ठेव,” म्हणाला. एवढंच.

आणि धाकट्याने ते ठेवलं कुठे, तर चव्हाट्यावर.

तो स्वतःची समजूत घालायचा. कोणता माळी, हे कुणाला माहीत आहे? बघे येतात, हसतात, जातात. त्या ओळीमागे मेंदीचं उंच कुंपण आहे. पलीकडे रोपवाटिका, तिथे दादा रबरी नळीने पाणी घालत असतो. पाण्याच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? कधी कधी आपला घोळका आला की पलीकडचं पाणी बंद होतं, हे छत्रीच्या लक्षात आलं होतं. चहाला गेला असेल, असं तो मनाशी म्हणायचा आणि आवाज चढवायचा.

त्या वसंतात दादाची मुलगी सासरच्या माणसांना घेऊन आली. लग्नानंतर ते पहिल्यांदाच तिचं माहेर बघायला येत होते. दादाने आदल्या संध्याकाळी धाकट्याला गाठलं. त्याच्या शर्टाला ताजी इस्त्री होती. तालीम म्हणून घालून बघितला असावा.

“उद्या तूच फिरव त्यांना. नीट दाखव. तू बोलायला लागलास की आपलं शहर मोठं वाटतं.”

“दादा, हे काय सांगणं झालं?” छत्री म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की उद्या त्या ओळीकडे फिरकायचंच नाही.

सकाळी पाहुणे वेशीपाशी आले. व्याही शिंपी होते, आपल्या गावात स्वतःचं दुकान असलेले, हसरे, प्रत्येक माणसाकडे माप घेतल्यासारखं बघणारे. विहीणबाईंचे गुडघे दुखायचे, पण उत्साह मावत नव्हता. जावई शांत, बायकोची पिशवी सांभाळत मागून येत होता. सिंहावर सगळे हसले. हौदावर हसले. पुतणीही हसली, लहानपणापासून पाठ असूनही. छत्रीला वाटलं, आज निभावलं.

राजबागेत त्याने सगळ्यांना कारंज्याकडे वळवलं. पण फुलांचा काय बंदोबस्त करणार? उजव्या हाताला ती ओळ नुसती पेटली होती.

“अगं बाई!” विहीणबाई म्हणाल्या. “तिकडून चला की.”

“तिकडे चिखल आहे हो.”

“कुठाय चिखल? सुकं खडखडीत तर आहे. उगाच गुडघ्यांना नावं ठेवू नका.”

आणि त्या चालायलाच लागल्या. व्याही मधल्या झाडापाशी आले, थांबले, एक डोळा मिटून ओळ बघू लागले.

“छत्रीराव, मी शिंपी माणूस. वाकडी शिवण मला झोपेतही दिसते. हे एकच झाड असं बाहेर का?”

छत्रीने उत्तर दिलं असं म्हणता येणार नाही. उत्तर आपोआप आलं, वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच प्रश्नाला यायचं तसं, पायरी आली की पाय उचलावा तसं. छत्री वर गेली, भुवया वर गेल्या, आणि तोंड बोलून मोकळं झालं.

व्याह्यांना हसता हसता खोकला लागला. “रजेवर! अहो, रजेवर! भरपगारी का बिनपगारी?”

छत्रीने पुतणीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती कुंपणाकडे बघत होती. पलीकडे पाणी बंद होतं.

तिथून राजवाड्यात जाईपर्यंत तो काय बोलला ते त्याला कळलं नाही. आवाज चालू होता, गिरणीसारखा. राजवाड्यात घुमटाचं दालन आहे. एका भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या भिंतीपाशी लख्ख ऐकू येतं, मधे उभं राहणाऱ्याला मात्र काहीच नाही. सवयीने त्याने पुतणीला एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला कान लावला. बाकीचे मधे, कौतुकाने माना वर करून.

थंड दगडातून पुतणीचा आवाज आला, जणू ती त्याच्या खांद्यावर बोलत होती.

“काका, बाबा जेवायला थांबलेत. त्यांच्यासमोर हे नका काढू.”

मग पुन्हा, आणखी हळू:

“मी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर आले होते ना, तेव्हाही तुम्ही सांगितला होता. मीपण हसले होते. मला तेव्हा माहीत नव्हतं.”

“काय म्हणाली हो?” व्याह्यांनी मधून विचारलं.

“जेवण तयार आहे म्हणाली,” छत्री म्हणाला.

सगळे हसले. ते अगदीच खोटंही नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटली.

दादाचं घर बागेच्या मागच्या भिंतीला लागून. पुढची खोली लहान, त्यात आज शेजारून आणलेलं टेबल, त्यावर कचेरीतून मागून आणलेलं टेबलक्लॉथ. खिडकीत रोपांच्या कुंड्या. दादा दारातच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. एका बाजूने आलेल्या विहीणबाई त्याला दिसल्याच नाहीत; त्यांचा आवाज आला तेव्हा त्याने सगळी मान वळवून त्यांना नमस्कार केला. वहिनींनी वाढायला घेतलं. छत्री कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. आपण आधी काहीतरी बोलत राहायला हवं, विषय अडवून धरायला हवा, हे त्याला कळत होतं. धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्याला विषय सुचेना.

“तुमच्या भावाने आज काय हसवलं म्हणून सांगू!” व्याही पहिल्या घासालाच म्हणाले.

“अहो, आधी जेवा ना,” पुतणी म्हणाली.

“जेवतोय गं. ऐका तर. ते ओळीबाहेरचं झाड आहे ना...” आणि त्यांनी सांगितला. हातवाऱ्यांसकट. ‘रजेवर’ म्हणताना त्यांनी एक डोळा झाकूनही दाखवला.

वहिनींचा डाव पातेल्यावर वाजला आणि थांबला. जावयाने ताटात मान घातली.

दादा हसला. उसनं नव्हे, चांगलं मनापासून.

“तो माळी मीच,” तो म्हणाला. “हा डोळा.” बोट डोळ्याखाली टेकवलं. “रजेवर गेला तो पुन्हा रुजूच झाला नाही.”

व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला जागा शोधू लागलं. “अरे देवा. माफ करा हो, मला काय कल्पना...”

“छे, छे! तुम्ही कशाला? पाहुण्यांना हसवायचं हे त्याचं कामच आहे.” मग तो सगळी मान वळवून धाकट्याकडे बघू लागला. “पण एक सांगू? हल्ली तू घाई करतोस. पूर्वी ‘एक डोळा’ म्हटल्यावर जरा थांबायचास. त्या थांबण्यात खरी गंमत होती. तेव्हा हसू पार रोपवाटिकेच्या टोकापर्यंत यायचं.”

“तुला ऐकू येतं?” छत्रीचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“न यायला काय झालं? तू आलास की मी पाणी बंद करतो ना. नळीच्या आवाजात तुझं बोलणं बुडतं.” दादा व्याह्यांकडे वळला. “लहानपणी अडखळायचा हो हा, चारचौघांत तोंडातून शब्द निघायचा नाही. आता बघा. ऐकत राहावंसं वाटतं.”

पुतणीने पाण्याचा तांब्या उचलला आणि काकांच्या भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. ते काठावरून टेबलक्लॉथवर उतरलं.

“जेव रे,” दादा म्हणाला. “थंड होतंय.”

छत्रीने घास उचलला होता. तो त्याने ताटाच्या कडेला परत ठेवला. खुर्ची मागे सारली. माफी मागायची तर शब्द लागतात, आणि त्याच्याजवळचे सगळे शब्द त्या झाडापाशी खर्च झालेले, हसून हसून गुळगुळीत झालेले होते. त्यातला एकही या खोलीत काढण्यासारखा नव्हता.

लाल छत्री दाराशी टेकवलेली होती. तिला न उचलता तो उंबरठा ओलांडून निघून गेला.