दोन जावई, एकच मेण

गाड्यांना पॉलिश करण्यात तीस वर्षं घासलेल्या त्या माणसाला सगळे चकचकीतकाका म्हणत. दोन्ही जावयांच्या गाड्यांना त्यांनी एकाच दिवशी, एकाच डब्यातलं मेण लावलं. थोरल्याची गाडी पाच महिन्यांनीही आरशासारखी होती, धाकट्याची दीड महिन्यातच मलूल झाली. धाकटी लेक फोनवर तडकलीच, "बाबा, त्यांना साय आणि आम्हाला ताक?"

काकांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिच्या दारात हजर झाले. गाडी झाडाखाली उभी होती, टपावर पाखरांनी मनसोक्त कारभार उरकला होता आणि जावई तिला भांड्यांच्या साबणाने अंघोळ घालत होते.

"जावईबापू, हा साबण कढईचं तेल सोडत नाही, माझं मेण सोडेल होय?"

"मग थोरले काय वेगळं करतात?"

"काहीच करत नाहीत, तेच त्यांचं पुण्य. त्यांची गाडी छपराखाली लोळते, तुमची दिवसभर झाडाखाली पाखरांचा मारा सोसते."

बोलता बोलता काकांनी बोनेटवरून हात फिरवला आणि ते ओशाळले. रंग खरखरीत लागत होता.

"माझंही चुकलंच. त्यांची गाडी नवी होती. तुमच्या जुन्या रंगावरचा मळ आधी काढायला हवा होता, मळावर मेण धरत नाही. पण मला जेवायची घाई झाली होती."

"म्हणजे भेदभाव झालाच!" लेक दारातून ओरडली.

सासरे-जावई दुपारपर्यंत गाडी घासत बसले आणि लेक खुर्ची टाकून देखरेख करत राहिली. या खेपेला मेण साडेतीन महिने टिकलं. झाडाखालच्या गाडीला तेवढं पुष्कळ, असं काका म्हणतात. लेकीला ते अजून पटलेलं नाही.