खोडलेलं वाचता आलं पाहिजे

बातमी आली तेव्हा मी फतेगंजच्या चौकात माइकवर होते. सरकारी दवाखान्यांतली औषधं महिनोन्महिने संपलेली का असतात, असं ओरडून विचारत होते. फोन दोनदा थरथरला. बाबांचा होता. "कुंदा गेली," एवढंच म्हणाले. आठ दिवसांचा डेंगी... कुंदाआत्या, बाबांची धाकटी बहीण, वय अठ्ठेचाळीस, एम.फार्म.च्या शेवटच्या सत्राची विद्यार्थिनी. प्रबंध सादर झाला होता, तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. मी भाषण पूर्ण केलं. त्यात कौतुक काही नाही, दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

शोकसभेत "या वयात केवढी जिद्द" म्हणून डोळे पुसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला प्रवेश घेताना विचारलं होतं, "आता डिग्री कुणाला दाखवायचीय?" तेव्हा मीही हसले होते, तेही लिहून ठेवते. आत्याने वीस वर्षं एका औषधकारखान्यात गोळ्या तपासल्या. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढची पदवी घेऊन तिचीच साहेब झाली, काम तिचं आणि सही त्यांची. शेवटी तिने नोकरी सोडली आणि मांजलपूरहून स्कूटीवर कॉलेजला जायला लागली. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका बाविशीच्या मुलाने "आंटी" म्हटलं, तर गुजरातीत म्हणाली, "आंटी घरे. अहीं कुंदाबेन." आंटी घरी, इथे कुंदाबेन. महिन्याभरात यंत्र अडलं की तीच मुलं तिला शोधायला लागली. तिचा विषय होता पोटात हळूहळू विरघळून दिवसभर पुरणारी गोळी. सहा काचपात्रं, अंगाइतकं कोमट पाणी, त्यात फिरणारी छोटी वल्ही, आणि ठरल्या वेळी थोडं पाणी काढून किती औषध उतरलं ते मोजायचं. सबंध दिवस! मी एकदा बघायला गेले आणि अर्ध्या तासात कंटाळून निघाले.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेने एक पत्रक काढलं. दवाखान्यात फुकट मिळणारी ब्लडप्रेशरची गोळी मी स्वतः ग्लासभर पाण्यात टाकली होती. तासाभरानेही ती जशीच्या तशी! मथळा माझाच : 'सरकार गरिबांना खडू चारतंय.' रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत आम्ही ते घरोघर वाटलं. मी ऐटीत एक प्रत आत्याला दिली. तिने शांतपणे वाचली आणि गोळीचं पाकीट मागितलं.

"अगं पुढारीणबाई, ही हळूहळूच विरघळायला बनवलीय. तासात विरघळली असती तर बोंब मारायची होती."

"म्हणजे चांगली आहे?"

"ते मोजल्यावर सांगेन."

सरांची परवानगी काढून, यंत्र मोकळं मिळेपर्यंत चार दिवस थांबून तिने ती तपासली. सहाच्या सहा पास. मी म्हटलं, ठीक, पुढच्या पत्रकात हा विषय घेत नाही. यावर ती चिडली. तिच्या प्रयोगाच्या वहीत चूक झाली तर खाडाखोड चालायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं, सही, तारीख. "हे पत्रक आहे, तुझी वही नाही," मी म्हटलं. "बरोबर. माझी वही वाचून कुणी गोळी बंद करत नाही. तुझं वाचून कुणी केली का, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आम्ही वाटतो आणि पुढे जातो...

मग आम्ही दोघी वस्तीत दारोदार फिरलो. आमच्या पत्रकांवर संघटनेचं नाव असतं, माणसाचं कधीच नसतं. आत्याने मला प्रत्येक प्रतीत मथळ्यावर रेघ मारून, बाजूला खरं लिहून खाली माझं नाव लिहायला लावलं. जशोदाबेनच्या घरी पत्रक दाराला चिकटवलेलं होतं. धुणीभांडी करणारी साठीची बाई, माझ्या मथळ्यावर विश्वास ठेवून तीन आठवडे गोळी बंद करून बसलेली. आत्याने तिला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. नर्सने प्रेशर दोनदा मोजलं आणि डॉक्टरांना हाक मारली. परत आल्यावर जशोदाबेन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "तमे ज लख्युं'तुं ने के चॉक छे? हवे तमे ज कहो छो के दवा छे. काले पाछां त्रीजुं कहेशो!" खडू म्हणणारी मीच, औषध म्हणणारीही मीच, उद्या तिसरंच म्हणेन. आत्या म्हणाली, मी दर रविवारी येईन, पाकीट बघेन, मग त्यातली रोज घ्या. आणि ती गेली, प्रत्येक रविवारी, परीक्षेच्या दिवसांतही.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी जशोदाबेनला सांगायला गेले. ती आधी खूप रडली. मग फळीवरून एक पाकीट काढून तिने माझ्यापुढे धरलं. दवाखान्यातून या खेपेला दुसऱ्या कंपनीची गोळी आली होती, पांढरीऐवजी गुलाबी. एकही घेतलेली नव्हती. कुंदाबेन येऊन बघेल म्हणून ती थांबली होती, दोन रविवार...

मला पाकिटावरचं वाचता येत होतं. औषधाचं नाव तेच दिसत होतं. पण मी 'घ्या' म्हटलं नाही. तिला घेऊन दवाखान्यात गेले, डॉक्टरांना प्रेशर मोजायला लावलं, ही तीच गोळी का ते विचारलं, तिच्यासमोर दोनदा विचारलं. घरी येऊन मी म्हटलं, "लो, बेन." तिने गोळी हातावर घेतली, उलटसुलट केली.

"रविवारे हवे कोण आवशे?" रविवारी आता कोण येणार, असं तिने विचारलं.

"हुं आवीश," मी म्हटलं. मी येईन.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जोईए," म्हणाली. बघू. आणि गोळी गिळली.

त्याला पाच रविवार झाले. मी पाकीट बघते, राहिलेल्या गोळ्या बघते, मग ती पाणी ओतून त्या दिवसाची गोळी घेते. निघताना मी "आवजो" म्हणते, येते म्हणून. ती अजून "जोईए"च म्हणते.