देवीच्या टोपाचे सात खडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही मनात येतंय — हे चांगलं म्हणवून घेण्यासाठी तर नाही ना? काय करू, स्वभावच संशयी. माझा स्वतःवरसुद्धा भरवसा नाही. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी कधी पातेलं पुढे केलं नाही. दारात कुणी दोनदा आलं, की हा का येतोय, हेच आधी मनात येतं.

लोणावळ्याच्या बाजारात आमचं बाशिंगांचं दुकान होतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मागच्या खोलीत बसून मी खडे चिकटवायचे. लोकांना वाटतं, चिकटवायला काय, काहीही चालतं. नाही चालत. बाशिंगाच्या पुठ्ठ्याला डिंक पुरतो. मखमलीच्या चोळीला डिंक लावला तर कापड तो पिऊन टाकतं आणि वर डाग उरतो — तिथे सरस हवा, घट्ट आणि गरम. पितळेला मात्र लाखच. तापवायची, थेंब टाकायचा, तो निवायच्या आत खडा दाबायचा. बोटं भाजतात.

डिंक आणायची गंगी. भाजे गावाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी होती, तिथली. डिंक दिला की माझ्याजवळ बसायची, खडे लावू लागायची. हात माझ्यापेक्षा हलका होता तिचा. मला ते आवडायचं का? खरं सांगू — नाही. ती गेली की मी वाटीतले खडे मोजायचे. एकदाही कमी भरले नाहीत. तरी पुढच्या खेपेला मोजायचेच.

एका चैत्रात, जत्रेच्या आधी, मळवलीच्या पुढच्या एका गावातून देवीचा पितळी टोप आला. जुने खडे गळाले होते, नवे बसवायचे होते. सरस चालणार नव्हता — तो कातड्याचा, देवीच्या डोक्यावर कसा लावायचा? लाख संपली होती. मी डिंकाची वाटी पुढे ओढली.

गंगी म्हणाली, "वैनी, पितळंवर डिंक धरायचा न्हाई. ऊन लागलं की कपची उडती. आमच्या वाडीवर हाय थोडी लाख, आनू का?"

मला काय वाटलं असेल? हिला लाख खपवायची आहे! माझ्याच घरात बसून मला काम शिकवतेय! मी तिला गप्प बसवलं आणि अख्खा टोप डिंकानं केला.

जत्रेच्या दिवशी आम्ही दोघी गाडीनं मळवलीला उतरलो. जुन्या गोधडीत गुंडाळलेला टोप पाटीत होता आणि पाटी गंगीच्या डोक्यावर. उन्हातून तासभर चाललो. मी मागून चालत होते. पुढे का नाही? तिच्या हातांवर नजर ठेवायची होती म्हणून.

देवळात टोप बाहेर काढला, तर समोरच्या रांगेतले सात खडे गायब.

मी वाकून पाहिलं. सातही जागी वाळल्या डिंकाचे पिवळे पापुद्रे होते, तडकलेले. मला तेव्हाच कळलं. तुम्हाला म्हणता येणार नाही की मला बिचारीला ठाऊक नव्हतं — ठाऊक होतं. मी पदराच्या टोकानं ते पापुद्रे पुसून टाकले.

गावातल्या एका आबांनी विचारलं, "वाटंत कुनापाशी हुता टोप?"

मी म्हटलं, "गंगीच्या डोक्यावर."

खोटं होतं का ते? एक अक्षरही नाही. म्हणूनच तर इतकं सहज बोलता आलं.

बायका तिला देवळामागे घेऊन गेल्या. तिचा पदर झाडला, कनवटीची गाठ सोडली, केसही मोकळे करून पाहिले. काही मिळालं नाही. ती तशीच केस सुटलेली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "वैनी, तुमी सांगा की ह्यास्नी. डिंकाचं सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दुकानाचं नाव होतं, गावोगावची कामं होती. आणि हिचं काय होतं?

"कसला डिंक?" मी म्हटलं.

तिनं केस बांधले.

टोप परत घेऊन घरी आले, गोधडी झटकली, तेव्हा खडे सापडले. सातच्या सात. पुण्याहून लाख मागवली, तेच खडे बसवले आणि नवे म्हणून गावाला दिले. गावानं माझी खणानारळानं ओटी भरली. मी भरून घेतली.

त्यानंतर बाजारात गंगीचा डिंक कुणी घेईना. दहाएक वर्षांनी ती करवंदं विकत आमच्या आळीत आली. मी आतूनच ओळखलं आणि दाराआड उभी राहिले. माझ्या मुलीनं करवंदं घेतली. गंगी उठली, पदराची गाठ सोडली, कुणी न सांगता पदर उलटा करून झाडला. "बगून घ्या ताई," म्हणाली आणि पुढच्या दारी गेली. तिथंही तसंच केलं.

मुलगी आत येऊन म्हणाली, "आई, ती बाई पदर का झाडते गं?"

मी म्हटलं, "त्या लोकांना सवयच असते."