कॉरिडॉरमधलं बटाट्याचं पीक

भाताला जेवण म्हणतात, हे सिंगापुरात चाळीस वर्षं काढूनही मान्य न केलेला माणूस मी एकच पाहिला: आमच्या शेजारचे आयरिश अंकल. जहाजदुरुस्तीच्या नोकरीसाठी आले, इथल्याच चिनी आंटींशी लग्न केलं, तिन्ही मुलं भातावर वाढली; हे मात्र दोन्ही वेळा बटाटे खात. सालीसकट उकडायचे, पाणी ओतून टाकून साली तडकेपर्यंत पातेलं पुन्हा आचेवर धरायचं आणि टेबलाच्या मधोमध वर्तमानपत्रावर ओतायचे. ताटली नाही, सुरी नाही. अंगठ्याच्या नखाने सोलायचे, मीठ लावायचं, वर ताक. आम्ही दोन हजार चारच्या सुमारास इथल्या बेडोक भागात राहायला आलो, तेव्हा हे जेवण पाहून बायकोने सरळ विचारलं, "अंकल, आज उपवास?" उपवासाला काय चालतं ते समजावून घेतल्यावर ते म्हणाले, "मग आमचं अख्खं गाव जन्मभर उपवासच करत होतं." पुढे दर एकादशीला आमच्याकडून बटाट्याचा कीस जाऊ लागला आणि ते पुढची तारीख विचारून ठेवू लागले.

त्यांच्या वडिलांनी शेतात समुद्रशेवाळ अंथरून, वर माती ओढून केलेले वाफे त्यांनी मला इतक्यांदा सांगितले, की मापं पाठ झाली. मरायच्या आधी स्वतः पिकवलेले बटाटे एकदा पोटभर खायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी कॉरिडॉरमध्ये तेलाचे अकरा डबे. प्रत्येक फोडीला एक डोळा ठेवून ते लावत. पाला गुडघ्याएवढा येई आणि या उकाड्यात खाली निघत गोट्या. पाच लागवडींचं वजन माझ्याकडे टिपलेलं आहे: सगळं मिळून एक किलो आठशे ग्रॅम.

"मार्केटमध्ये ढीग पडलेत, लाह," आंटी सिंगापुरी ढंगात म्हणत.

सहाव्या खेपेला कॉरिडॉर मोकळा करण्याची नगरपरिषदेची नोटीस आली. मुदत चौदा दिवस, पिकाला हवा होता अजून महिना. शेवटच्या दिवशी अंकलनी आणि मी डबे उपडे केले. एकोणीस बटाटे निघाले. अंकलनी आम्हा नवरा-बायकोला जेवायला थांबवलं, पण उकडण्याआधी चार मोठे बाजूला काढले. त्यांच्या घरची रीत तशी: बेणं आधी, जेवण मग.

"आता लावणार कुठे?" आंटींनी विचारलं.

"ते बघू."

पंधराचे चार सारखे वाटे होत नव्हते. त्यांनी आम्हा तिघांना चार-चार दिले, स्वतः तीन घेतले. चव पाणचट होती. तिसरा बटाटा त्यांनी सोलला, जरा वेळ हातात धरला आणि आंटींपुढे ठेवला.

"पोट भरलं," ते म्हणाले.

सुपारीएवढ्या दोन बटाट्यांनी सहा फुटी माणसाचं पोट भरत नाही, हे आकडेमोड न करताही कळत होतं. आंटींनी तो मीठ लावून खाल्ला.