प्रभुभोजनाचं ताट

माझा उजवा हात पहिल्यांदा हलला तो चहा पिताना. मी म्हटलं, थंडी असेल. बायको म्हणाली, "एप्रिलात कसली थंडी वो?" मग दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, कंपवात निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. मी शिरोलीच्या एका कारखान्यात जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. माझ्या हातून लोखंडाचा जॉब कापताना माप केसभर इकडंतिकडं व्हायचं नाही. पण कारखाना सुटून वर्षं झाली होती, त्याचं काही वाटलं नाही. मला धसका बसला तो चर्चमधल्या ताटाचा.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं प्रभुभोजन असतं. आधी भाकरीचे तुकडे वाटतात, मग द्राक्षरस. त्यासाठी एक गोल स्टीलचं ताट असतं, त्याला भोकं, आणि भोकाभोकांत अंगठ्याएवढे काचेचे कप. ते ताट घेऊन आम्ही पंच, म्हणजे चर्चनं निवडलेली वडीलधारी माणसं, बाकाबाकानं फिरतो. प्रत्येकानं आपला कप उचलायचा, हातात धरून थांबायचं, आणि सगळ्यांना मिळालं की पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, शब्दाबरोबर एकदम प्यायचं. तीस वर्षं डावीकडची बाकं माझ्याकडं होती. एक थेंब कधी सांडला नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व होता. दुसऱ्या पंचाचं ताट जरा कललं की मी मनात म्हणायचो, ह्याला कुणी पंच केला!

हाताची बातमी कळल्यावर पाळकसाहेब घरी आले. वयानं माझ्या पोरासारखे. फार मायेनं म्हणाले, "काका, आता विश्रांती घ्या. मानानं पुढच्या बाकावर बसा."

माझं डोकंच फिरलं. "मान कुणाला पायजे साहेब? मला काम पायजे!"

मग मीच म्हटलं, एक महिना द्या. पुढच्या पहिल्या रविवारी ताट हलताना दिसलं, तर मी स्वतःहून बाजूला होतो. त्यांनी मान डोलावली. बायको त्यांच्या देखतच म्हणाली, "रश्श्याची वाटी धरता येत न्हाय, आणि निघाले ताट फिरवायला." पाळकसाहेबांना हसू आवरेना. मला मात्र राग आला.

महिनाभर मी सराव केला. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची टोपणं गोळा केली, त्यांत पाणी भरलं, परातीत मांडली आणि स्वयंपाकघरातनं पुढच्या दारापर्यंत फेऱ्या घातल्या. सकाळी गोळी घेतल्यावर तासाभरानं हात बरा चालतो, हे ध्यानात आलं. कोपर पोटाशी दाबून धरलं की कंप कमी होतो, तेही कळलं. पहिल्या आठवड्यात सगळी फरशी भिजली. बायको फडकं घेऊन मागनं यायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. मी प्रार्थनाही करत होतो. प्रार्थना कसली, हट्टच तो. देवा, एवढं एक दे, दुसरं काही मागत न्हाय. चौथ्या आठवड्यात मी परात दारापर्यंत नेली आणि टोपणं भरलेलीच राहिली. मी घरात एकटाच ओरडलो, "जमलं की!"

त्या रविवारी गोळी वेळेवर घेतली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पाळकसाहेबांनी ताट माझ्या हातात दिलं, मी कोपर पोटाशी दाबलं आणि निघालो. पहिलं बाक झालं. दुसरं झालं. कप जरा किणकिणत होते, पण सांडलं काही नाही. मी खूश. म्हटलं, बघा, म्हातारा अजून हाय.

तिसऱ्या बाकापाशी मी लोकांच्या तोंडाकडं बघितलं. एरवी या वेळी माणसं डोळे मिटून असतात, कुणी पुटपुटत असतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी असतं. आज सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. कडेच्या बाईनं तर कप पडला तर झेलायला ओंजळ पुढं धरली होती. मागच्या बाकावरची माणसंही माना उंच करून ताटाकडं बघत होती. प्रार्थना एकाचीही चालली नव्हती. आणि मी महिनाभर घाम गाळला होता तो ह्यासाठी.

ताट सांडत नव्हतं, कुणी मला थांबवणार नव्हतं, शेवटच्या बाकापर्यंत मी गेलो असतो. तरी मी मागं वळलो. उजवीकडं वाटणाऱ्या पंचाला खुणेनं बोलावलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. तो हळूच म्हणाला, "काका, चाललंय की चांगलं." मी म्हटलं, "व्हय, पण घे तू." आणि जाऊन बायकोशेजारी बसलो. तीस वर्षांत प्रभुभोजनाच्या वेळी तिच्या शेजारी बसायची माझी ती पहिलीच वेळ. तिनं पदर सावरून जागा केली.

बसल्यावर रडू आलं. आजवर मी प्यायचो ते सगळ्यांच्या शेवटी, पुढं उभ्यानं, कप किती उरले ते बघत. तो रस आपल्यासाठीही हाय, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बाकावर बसून मी डोळे मिटले. मागायला काही सुचलं नाही आणि मागावंसंही वाटलं नाही. इतकं समाधान मला ताट मिरवताना कधी झालं नव्हतं, हे मी आज छातीठोक सांगतो.

ताट आमच्या बाकाशी आलं. बायको माझ्यासाठीही कप उचलायला लागली. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, माझा मी घेतो." दोन्ही हातांनी उचलला. आता सगळ्यांना मिळेपर्यंत तो धरून थांबायचं होतं. एवढा वेळ हात कसला ऐकतोय! मनगटावर आलं, शर्टावर आलं, लाल डाग पसरत गेला. बायकोनं रुमाल काढला, मी मानेनंच नको म्हटलं. चारचौघांत असं सांडलं असतं तर एरवी मी लाजेनं मेलो असतो. पाळकसाहेबांनी शब्द उच्चारला आणि सगळ्यांबरोबर मीही कप तोंडाला लावला. अर्धा सांडून गेला होता. उरलेला प्यालो, आणि मला तो पुरला.